दोन स्वल्पविरामांच्या मध्ये

त्यांनी पेपर माझ्या हातातून घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, पहिल्या दोन परिच्छेदांवरून नजर फिरवली आणि मधलं सगळं सोडून खालच्या एका वाक्यापाशी थांबले. मग अंगठ्याच्या नखानं त्या वाक्यातल्या चार-पाच शब्दांखाली रेघ ओढली. शाई नाही, काही नाही. कागद तिरका धरला, उजेडात आणला, तरच दिसेल अशी खाच. "हे वाचलंस?" एवढंच विचारलं आणि पेपर परत देऊन चहा घ्यायला निघून गेले.

तारीख लक्षात आहे, कारण आदल्या दिवसाची बातमी मोठी होती. २२ ऑक्टोबर २०२४ ला हुआवे या चिनी फोन कंपनीनं फोन चालवणारी आपली नवी प्रणाली, हार्मनीओएस, जाहीर केली होती, गुगलच्या अँड्रॉइडचा एकही धागा न ठेवलेली. मी सकाळी गाडीत उभ्यानं तो लेख वाचला, ऑफिसात आल्यावर पुन्हा वाचला आणि राहवेना म्हणून आमच्या ज्येष्ठ हिशेबनीसांच्या टेबलाशी घेऊन गेले. आमचं फ्रेट फॉरवर्डिंगचं ऑफिस. दिवसभर बोटींचे कागद, बिल ऑफ लेडिंग, कंटेनरचे नंबर. त्यात असं काही बोलायला मिळालं की बरं वाटतं. पेपर होता हाँगकाँगचा इंग्रजी साउथ चायना मॉर्निंग पोस्ट. नव्या प्रणालीसाठी कोणाकोणाची अॅप तयार झाली, याच्या यादीत अलिबाबा या चिनी ऑनलाइन बाजाराच्या कंपनीचं नाव आलं होतं आणि त्या नावाच्या मागे, दोन स्वल्पविरामांच्या मध्ये, तो नेहमीचा तुकडा होता: या वृत्तपत्राची मालक असलेली कंपनी.

मी तो वाचला होता. डोळ्यांखालून गेला होता म्हणजे. रोजच्या वाटेवरची पाटी जशी दिसते आणि दिसत नाही, तसा.

त्या दिवसापासून त्या खाचेनं मला सोडलं नाही. त्यांनी मला चूक दाखवली असं म्हणता येत नाही, कारण पेपरनं काही लपवलं नव्हतं. उलट सांगितलंच होतं. हुआवेबद्दलचा मजकूर खोटा होता असंही नाही. मग टोचलं काय? बहुतेक हे, की तो लेख वाचताना माझ्या अंगावर खरोखर काटा आला होता, आणि तो काटा माझा स्वतःचा आहे असं मी धरून चालले होते.

काटा का आला ते सांगायला पाच वर्षं मागं जावं लागेल. २०१९ चा मे महिना. अमेरिकेच्या वाणिज्य खात्यानं हुआवेला निर्बंधांच्या यादीत टाकलं आणि चार दिवसांत रॉयटर्सची बातमी आली की गुगलनं हुआवेशी व्यवहार थांबवला आहे. हाँगकाँगला तेव्हा मला वर्षच झालं होतं. ऑफिसात अर्ध्या लोकांच्या हातात हुआवेचे फोन होते आणि सगळे एकमेकांना एकच विचारत होते, आता हे चालणार की बंद पडणार? ते फोन चालत राहिले. प्रश्न पुढच्या फोनांचा होता. अँड्रॉइडचा गाभा कुणालाही फुकट घेता येतो, तो उघडाच आहे. पण नकाशे, ईमेल, यूट्यूब, प्ले स्टोअर, आणि अॅपना आतून जोडून ठेवणारी गुगलची सगळी यंत्रणा, ही गुगलच्या परवानगीची वस्तू. घर बांधायला दिलं आणि नळाचं पाणी तोडलं, असा तो प्रकार. सप्टेंबरमध्ये म्युनिकला मेट ३० जाहीर झाला तो या पाण्याविनाच.

त्या हिवाळ्याच्या तोंडाला कामासाठी शेन्झेनला गेले होते. ह्वाछ्यांगबेईच्या त्या अफाट इलेक्ट्रॉनिक बाजारात, जिथं सोल्डरिंगचा वास, चिकटपट्टी फाडल्याचा करकर आवाज आणि खोके ओढणाऱ्या हातगाड्या यांतून माणूस कसाबसा वाट काढतो, तिथं एका गाळ्यावर मी मेट ३० प्रो हातात घेतला. काचेच्या कडा पाण्यासारख्या खाली वळलेल्या. मागचा कॅमेऱ्याचा गोल. सुंदर फोन होता. विकणाऱ्या मुलाला मी खुणांनी आणि मोडक्या शब्दांनी विचारलं, यात गुगल नाही ना? त्याला प्रश्नच कळेना. त्यानं बाइडूचे नकाशे उघडून दाखवले, वीचॅट दाखवलं, पैसे द्यायचं अॅप दाखवलं. सगळं आहे की. मी पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच दाखवू लागला. सीमेच्या त्या बाजूला गुगल मुळात वर्षानुवर्षं नव्हतंच, त्यामुळे जे गेलं त्याची जागा त्याच्या मनात रिकामी नव्हती. त्याच्या हातात पूर्ण फोन होता आणि तोच फोन माझ्या हातात अर्धा होता. हे मी पुढं पुष्कळदा आठवलं आहे. गाडीनं परत येताना लो वूला सीमा ओलांडली आणि आपल्या फोनवर सगळं जिथल्या तिथं आहे हे पाहून मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची किंचित लाजही वाटली.

मग जवळजवळ तीन वर्षं सीमा बंदच राहिली.

त्या काळात मी हुआवेची गोष्ट दुरून, पेपरांतून पाहत राहिले. सप्टेंबर २०२० नंतर चिप बनवणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीकडून त्यांना चिप मिळेनाशा झाल्या. नोव्हेंबरात त्यांनी ऑनर हा आपला स्वस्त फोनांचा सगळा धंदा विकला. आणि तरीही कुठंतरी दोन ओळींची बातमी असायचीच, प्रणालीचं काम चालू आहे. हार्मनीओएसचं चिनी नाव होंगमेंग. सृष्टी आकाराला येण्यापूर्वीचं धूसर, एकवटलेलं असं काहीतरी, जिथं आकाश आणि पृथ्वी अजून वेगळी झालेली नाहीत, त्या अवस्थेचं पुराणातलं नाव. एका कंपनीनं, कोंडी झालेली असताना, आपल्या कामाला हे नाव द्यावं यात मला काहीतरी हलवून टाकणारं वाटलं. वाट अडवलेल्यानं डोंगर खणायला घेतला, ही गोष्ट मला लहानपणापासून आवडते. कुणाला आवडत नाही?

आवडते, म्हणूनच ती विकता येते. हे कळायला मला ती नखाची खाच लागली.

कारण त्या गोष्टीत एक गाठ होती आणि ती मी सोयीनं विसरले होते. होंगमेंगची पहिली घोषणा ऑगस्ट २०१९ मध्ये डोंगग्वानला झाली तेव्हा हुआवेचे रिचर्ड यू म्हणाले होते की ही अँड्रॉइड आणि आयओएस दोघांहून निराळी आहे. ती प्रथम आली टीव्हीत. फोनसाठीची आवृत्ती बाहेरच्या प्रोग्रामरांना चाळून पाहायला मिळू लागली तेव्हा आर्स टेक्निका या अमेरिकी प्रकाशनाच्या वार्ताहरानं ती मिळवली. त्यासाठी त्याला आपल्या ओळखपत्राचे फोटो हुआवेला पाठवून परवानगीची वाट पाहावी लागली. आत जाऊन पाहतो तर ती अँड्रॉइड १० निघाली, ठिकठिकाणी नाव बदललेली. हे फेब्रुवारी २०२१ मधलं. त्यानं चित्रांसकट दाखवलं, आणि दाखवल्यावर त्यात वादाला फारशी जागा उरली नाही. त्याच वर्षी २ जूनला हुआवेनं मोठा समारंभ करून तीच प्रणाली फोनवर आणली.

म्हणजे २०१९ मध्ये ज्यांनी विश्वास ठेवला त्यांची फसगत झाली. पण गोष्ट तिथंच थांबत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीनं सांगितलं की पुढच्या आवृत्तीतून अँड्रॉइडचा गाभा काढून टाकू, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात खरंच काढला. गाभा स्वतःचा, अॅप लिहायची भाषा स्वतःची, अँड्रॉइडची अॅप त्यावर थेट चढत नाहीत. या वेळचा दावा खरा होता. पाच वर्षांपूर्वी जे नव्हतं ते आता होतं. आणि मला ठाऊक असलेले कितीतरी लोक अजून २०२१ च्याच बातमीवर उभे होते, 'छे, ते अँड्रॉइडच आहे, वरचं कव्हर बदललंय.' त्यांनी एकदा तपासलेलं खरं धरून ठेवलं होतं आणि ते खरं तोवर शिळं झालं होतं. चिनी बाजूचे लोक या नव्या आवृत्तीला लाडानं 'शुद्ध रक्ताची होंगमेंग' म्हणतात. हा शब्द मला पहिल्यांदा ऐकताना खटकला, अजूनही खटकतो. यंत्राला रक्त कशाला, आणि ते शुद्ध कशाला? पण सकाळी गाडीत लेख वाचताना मी तो शब्दसुद्धा गिळून पुढं गेले होते.

माझे वडील पेपर मागून वाचायचे. मागूनही नव्हे, तळातून. शेवटच्या पानाच्या अगदी खाली जी मुंगीच्या रांगेसारखी ओळ असते, मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक, छापण्याचं ठिकाण, ती ते आधी वाचायचे. मला वाटायचं चष्म्याचा नंबर तपासताहेत. एकदा त्या ओळीतलं नाव बदललं. आई म्हणाली, मग पेपर बदला. त्यांनी बदलला नाही. पुढची कितीतरी वर्षं तोच पेपर आला, पण अग्रलेखाचं पान ते घडी न उघडता बाजूला ठेवू लागले आणि उरलेला पेपर पूर्वीइतक्याच मन लावून वाचू लागले, बाजारभावापासून निधनवार्तांपर्यंत. रागावले नव्हते. जणू घरातल्या एका खोलीत ओल आली आहे, ती खोली तेवढी वापरायची नाही, असं काहीसं. मी हे सगळं बघितलं होतं आणि माझ्या हातात मात्र त्यातलं काहीच उतरलं नाही. फोनवर वाचताना पानाला तळ नसतो, ही सबब मी स्वतःला देते. पण त्या दिवशी माझ्या हातात कागद होता.

मग मी पेपरच्या मालकीकडे वळले, जे खरं तर आधी करायला हवं होतं. हा पेपर १९०३ पासूनचा. पुढं तो रूपर्ट मर्डॉकच्या कंपनीकडे होता, १९९३ मध्ये मलेशियाच्या रॉबर्ट क्वोक यांच्याकडे गेला, आणि डिसेंबर २०१५ मध्ये अलिबाबानं तो घेतल्याचं जाहीर झालं, २०६ कोटी हाँगकाँग डॉलरना. अलिबाबाचे जोसेफ त्साय यांनी तेव्हा वाचकांना पत्र लिहून संपादकीय स्वातंत्र्याची ग्वाही दिली होती आणि पाश्चात्त्य माध्यमांच्या चष्म्यातून चीनकडे पाहिलं जातं, अशी तक्रारही बोलून दाखवली होती. इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. मला जे पुरतं विसरायला झालं होतं ते याच्याही मागचं आहे.

अलिबाबानं स्वतः फोनची प्रणाली काढली होती! अलियुन नावाची. सप्टेंबर २०१२ मध्ये तैवानची एसर कंपनी शांघायला त्यावर चालणारा फोन आणणार होती आणि ऐन वेळी समारंभ रद्द झाला. अलिबाबानं सांगितलं, गुगलनं एसरला दम दिला. गुगलचं म्हणणं असं, की अलियुन म्हणजे अँड्रॉइडचीच मोडतोड करून बनवलेली, न जुळणारी आवृत्ती आहे, आणि अँड्रॉइडच्या आघाडीत राहायचं तर सदस्यांना असलं काही विकता येणार नाही. अलिबाबा म्हणाली, आमची प्रणाली लिनक्सवर उभी आहे, अँड्रॉइडवर नव्हे. हुआवेच्या सात वर्षं आधी, तेच भांडण, तेच शब्द. हे मी रात्री घरी बसून वाचलं तेव्हा खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसी टपटपत होते आणि मी बराच वेळ तो आवाज ऐकत बसले. ज्या पेपरात मी 'कोंडीतून बाहेर पडलेल्या' प्रणालीची गोष्ट वाचून भारावले, त्या पेपरच्या मालकानं ही कोंडी स्वतःच्या अंगावर झेलली होती. आणि आता त्याच घरची अॅप, ऑफिसकामाच्या डिंगटॉकसारखी, या नव्या प्रणालीवर पहिल्या काहींत येऊन बसली होती. याचा अर्थ लेख कुणी सांगून लिहवून घेतला, असं मी म्हणत नाही. मला तसं वाटतही नाही. पण दोन स्वल्पविरामांच्या मध्ये 'मालक' एवढा एक शब्द मावतो. त्या मालकाचं या गोष्टीशी नातं काय, ते तिथं मावत नाही.

आणि तो शब्दही अलिबाबाचं नाव आलं तरच येतो. हुआवेबद्दलच्या ज्या लेखात अलिबाबाचा उल्लेख नाही, तिथं तो कशाला येईल? पण दोन्ही कंपन्या क्लाउडच्या धंद्यात समोरासमोर उभ्या आहेत. नातं आहेच. नाव घेतलं नाही म्हणून ते मिटत नाही.

या पेपरवर मी एकदम अविश्वास दाखवू शकत नाही, आणि तीच माझी अडचण आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये चिनी अधिकाऱ्यांच्या ताब्यात असलेले स्वीडिश पुस्तकविक्रेते ग्वे मिनहाय यांची, अधिकाऱ्यांनीच घडवून आणलेली मुलाखत घेणाऱ्यांत हा पेपर होता. ती वाचताना माझ्या पोटात कालवलं होतं. बंदिवान माणूस आपल्याच देशाविरुद्ध बोलतो आहे आणि समोर वार्ताहर टिपून घेताहेत. पण मार्च २०२० मध्ये, चीनमधला कोविडचा माग १७ नोव्हेंबर २०१९ पर्यंत जातो, हे सरकारनं जाहीर न केलेल्या नोंदींच्या आधारे छापलं तेही याच पेपरनं. हाँगकाँगमधल्या २०१९ च्या आंदोलनांचं सगळं वादळ मी याच पेपरातून रोज वाचलं, आणि माझ्या खिडकीखालून गेलेलं जे होतं तेच दुसऱ्या दिवशी छापलेलं असायचं, जवळपास तसंच. एकाच छताखाली ही दोन्ही कामं होतात. कदाचित एकाच मजल्यावर. कुठलं कोणाच्या हातून झालं हे वाचणाऱ्यानं कसं ओळखायचं?

मालकाकडे बोट दाखवलं की झालं, असंही होत नाही, कारण मालकाच्याही डोक्यावर कुणी असतो. ऑक्टोबर २०२० मध्ये अलिबाबाचे संस्थापक जॅक मा यांनी शांघायला बँकांवर आणि नियामकांवर टीका करणारं भाषण केलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अँट या त्याच घरच्या वित्तकंपनीची शेअरविक्री दोन दिवसांवर आलेली असताना थांबवली गेली. एप्रिल २०२१ मध्ये अलिबाबाला १८.२ अब्ज युआन दंड झाला. त्याच मार्चमध्ये वॉल स्ट्रीट जर्नलनं बातमी दिली होती की माध्यमांतले हिस्से विका, असं चीन सरकार अलिबाबाला सांगतं आहे. म्हणजे मालकी हीसुद्धा सांभाळायला दिलेली वस्तू.

पलीकडचे काय स्वच्छ आहेत? ज्या आठवड्यात होंगमेंग आली त्याच आठवड्यात, २५ ऑक्टोबरला, वॉशिंग्टन पोस्टनं जाहीर केलं की अध्यक्षपदासाठी कुणालाही पाठिंबा देणार नाही. तयार असलेला मजकूर मालकानं, जेफ बेझोस यांनी, थांबवला होता. काही दिवसांत अडीच लाखांवर वर्गणीदार सोडून गेले. बेझोस यांनी तो पेपर २०१३ मध्ये २५ कोटी डॉलरना घेतला, आणि २०१४ मध्ये त्यांच्या अॅमेझॉननं फायर फोन आणला, त्यातही अँड्रॉइडच, वर आपलं नाव चढवलेलं आणि गुगलच्या सेवा काढलेल्या. तो फोन पार कोसळला, वर्षभरात बंद झाला. हे जुळवून पाहताना मला गरगरल्यासारखं झालं. दोन दुकानदार, दोघांनी फोनची प्रणाली करून पाहिली, दोघांकडे एकेक जुना, नावाजलेला पेपर. आर्स टेक्निकाच्या मागंही काँडे नास्ट ही मोठी प्रकाशन कंपनी आहे. म्हणून अँड्रॉइड १० चं नाव बदललेलं होतं, हे खोटं ठरत नाही. तो पुरावा मालक कोण हे न विचारता उभा राहतो, कारण दुसरा कुणीही आत जाऊन तेच पाहू शकत होता. पेपर असा उघडून पाहता येत नाही. जे छापलं ते दिसतं. जे टेबलावरून परत गेलं, जे कुणी लिहायला घेतलंच नाही, त्याचा कोड कुठं असतो?

आणि हुआवे कुणाची? हाही प्रश्न मी कधी विचारला नव्हता. कंपनी म्हणते, कर्मचाऱ्यांची. संस्थापक रन झंगफेई यांच्याकडे जेमतेम एक टक्का, उरलेलं कामगार संघटनेच्या समितीच्या नावे. एप्रिल २०१९ मध्ये ख्रिस्तोफर बाल्डिंग आणि डोनाल्ड क्लार्क या अभ्यासकांनी लिहिलं की चीनमधल्या कामगार संघटना कशा चालतात ते पाहता याला कर्मचाऱ्यांची मालकी म्हणणं कठीण आहे. तेव्हा हुआवेनं पत्रकारांना शेन्झेनच्या मुख्यालयात बोलावून भागधारकांच्या नोंदवह्या दाखवल्या. त्या एका खोलीत काचेआड ठेवलेल्या आहेत. मी ते वर्णन वाचलं आणि ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मालकी पाहायला यावं आणि ती काचेआडून पाहून परतावं.

शेवटी मी त्यांच्याकडेच गेले, आमच्या हिशेबनिसांकडे. जेवणाच्या सुट्टीत. म्हटलं, तुम्ही मग काय वाचता? ते हसले नाहीत. कपाटातून तपकिरी पाकीट काढलं, त्यात ॲपल डेली या सरकारविरोधी, बंद पडलेल्या हाँगकाँगच्या पेपरचा शेवटचा अंक होता, २४ जून २०२१ चा. त्या दिवशी त्याच्या दहा लाख प्रती छापल्या होत्या आणि पहाटेपासून लोक रांगा लावून उभे होते. हेही उभे होते, पावसात. कागदाला अजून दमट वास होता, की मला तसं वाटलं. मला वाटलं आता ते त्या पेपरची थोरवी सांगतील. ते म्हणाले, "हा पेपर मला पुष्कळदा आवडायचा नाही. भडक होता. पण मालक कोण आणि त्याला काय हवंय, ते शहरातल्या पोराला माहीत होतं. वाचताना मी तेवढं वजा करायचो. मी हिशेबनीस आहे, वजाबाकी येते मला." मग जरा थांबून, "आता आकडाच कळत नाही, किती वजा करायचं."

मालक, जिमी लाय, तुरुंगात होता आणि पेपर पाकिटात.

मी त्यांना वडिलांची गोष्ट सांगितली, तळातल्या ओळीची. त्यांना ती इतकी आवडली की त्यांनी ती कँटोनीजमध्ये शेजारच्या टेबलाला सांगितली, आणि तिथून ती पुढच्या टेबलाला गेली. माझ्या वडिलांचा चष्मा, त्यांची ती घडी न उघडलेली पानं, असं हाँगकाँगच्या एका ऑफिसात फिरत होतं आणि माझा गळा दाटून आला.

परवा संध्याकाळी ॲडमिरल्टीहून आम्ही एकाच गाडीत चढलो. त्यांना फॅनलिंगला उतरायचं असतं. गर्दी होती, दोघंही दाराशी उभे. मी फोनवर बातम्या उघडल्या, सवयीनं, आणि आता जी सवय लागली आहे तिनं आधी खाली सरकत गेले, तळ शोधत. त्यांनी ते पाहिलं. फोनकडे हनुवटीनं खूण करून विचारलं, "आणि हा कुणाचा?"

मी म्हटलं, कंपनी कोरियाची.

"आतलं?"

आतलं गुगलचं.

"बातमी?"

बातमी पोस्टची. ती पुढं आणून ठेवली गुगलच्याच यादीनं. पोस्ट अलिबाबाचं. अलिबाबा... मी बोलत राहिले आणि ते मान हलवत, बोटांवर मोजत राहिले. एक हात संपला, दुसरा गजाला धरलेला होता. शा तिन गेलं, ताय पो मार्केट गेलं. मी मधेच अडले, कारण एका नावापाशी मला खरंच पुढचं माहीत नव्हतं. त्यांनी मोजायचं थांबवलं नाही, बोट तसंच धरून ठेवलं, मी सांगेन म्हणून. फॅनलिंग आलं. दार उघडलं तेव्हाही ते दुमडलेलं बोट त्यांनी सोडलेलं नव्हतं. तसाच हात वर करून त्यांनी निरोप घेतला आणि गर्दीत उतरून गेले.